जुन्या मोटारीचा ऑटोमॅटिक चोक : दुरुस्ती, सौदा आणि सचोटी

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या कार्बोरेटरवर लिहावे हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. आमची उमर थान मोजण्यात गेली, पाने फिरवण्यात नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात एका जुन्या गाडीच्या विक्रीत आम्हाला मध्यस्थ व्हावे लागले आणि त्या तीन आठवड्यांत एका लहानशा पुर्ज्याने आम्हाला व्यापाराचा जो धडा दिला, तो आमच्या बांधवांपर्यंत पोहोचावा असे वाटले. शिवाय जुन्या गाड्यांची दुरुस्ती हा आज बऱ्यापैकी मेहनताना देणारा धंदा होऊ शकतो, आणि त्याचे जाणकार झपाट्याने कमी होत आहेत. म्हणून हा लेख.

गाडीची हकीगत

नाशिकच्या गंगापूर रोडवर आमचे एक जुने गिऱ्हाईक राहत होते. अशोक स्तंभाकडून आनंदवल्लीकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला जे जुने बंगले होते, त्यांतले बरेच आता पाडून इमारती उभ्या राहिल्या. यांचाही बंगला बिल्डरला देण्याचे ठरले होते. घरधनी वारले, मुले परदेशी, आणि पोर्चमध्ये उभी होती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची शेव्हरोले इम्पाला. आठ सिलिंडरचे मूळ पेट्रोल इंजिन शाबूत. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा अशा अनेक गाड्यांची मूळ इंजिने काढून लोकांनी डिझेलची बसवली. त्यामुळे मूळ इंजिनाच्या गाडीला शौकीन लोकांत आज चांगली किंमत येते.

वहिनींनी आम्हाला बोलावून घेतले. म्हणाल्या, "तुमच्या दुकानाचा आणि यांचा तीस वर्षांचा व्यवहार. मला गाडीतले काही कळत नाही. तुम्ही उभे राहून विकून द्या." दलालीचा प्रश्न नव्हता. आम्ही हो म्हटले.

गाडीत ऐब एकच होता. सकाळी थंडीत ती सुरू होत नसे. अर्धा तास स्टार्टर मारा, बॅटरी बसे, पेट्रोलचा वास सुटे, तेव्हा कुठे खोकत खोकत इंजिन चाले. एकदा गरम झाले की मात्र दिवसभर घड्याळासारखे चाले. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने वहिनींना सांगितले की कार्बोरेटर संपला आहे, अमेरिकेतून नवा मागवावा लागेल, चाळीस हजार धरून चला. दुसऱ्याने सोपा उपाय सांगितला. तो म्हणाला, "शेठ, गिऱ्हाईक यायच्या एक तास आधी गाडी चालू करून ठेवा. इंजिन गरम असले की एका हाताने सुरू होते. कुणाला काय कळणार?"

खोटे कशाला बोलावे, आम्ही त्या दुसऱ्याचे ऐकले. मुंबईचे एक खरीदार दुपारी आले. गाडी आधीच गरम करून ठेवली होती. चावी फिरवताच सुरू झाली. त्यांनी सोमेश्वरपर्यंत फेरी मारली, खूश झाले, आणि बयाना देऊन गेले. आम्ही एक शब्दही खोटा बोललो नाही. त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही, एवढेच.

गप्प राहणे म्हणजे काय?

त्या रात्री इशाची नमाज पढून घरी आलो, पण झोप येईना. आमच्या धंद्यातली गोष्ट आठवत राहिली. मालेगावहून यंत्रमागाचे कोरे कापड येते. थानाच्या वरच्या दोन घड्या स्वच्छ असतात आणि आतल्या घडीत तेलाचा डाग किंवा तुटलेल्या ताण्याची रेघ निघते. विकणारा खोटे बोललेला नसतो. त्याने फक्त घडी अशी घातलेली असते की डाग आत राहावा. अशा माणसाला आम्ही तीस वर्षे नावे ठेवत आलो, आणि आज आम्ही स्वतः मोटारीची घडी तशीच घातली होती.

मदीनेच्या बाजारातली ती घटना आपण सर्वांनी मदरशात, मशिदीत ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. तर मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असा त्यांचा सवाल होता, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही हेही त्यांनी स्पष्ट केले. त्या व्यापाऱ्यानेही तोंडाने खोटे सांगितले नव्हते. विकणारा व घेणारा दोघे खरे बोलले आणि मालाचा ऐब उघड केला तर सौद्यात बरकत येते, लपवला तर बरकत निघून जाते, अशी हदीसची शिकवण आहे.

फिकहमध्ये यासाठी खियारे-ऐब नावाचा हक्क आहे. विक्रीच्या वेळी असलेला परंतु खरीदाराला न कळलेला ऐब पुढे उघड झाला, तर माल परत करण्याचा त्याला अधिकार मिळतो. आपल्या देशाचा १९३० चा मालविक्री कायदा मात्र मुळात खरीदाराने स्वतःच सावध राहावे या तत्त्वावर उभा आहे, त्याला अपवाद थोडे आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेने आम्ही कदाचित सुटलोही असतो. पण दुकानाची गादी कायद्याच्या फटीवर टिकत नाही, नावावर टिकते.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर आम्ही मुंबईला फोन लावला. सांगितले की गाडी थंडीत सुरू होत नाही, तुम्हाला गरम करून दाखवली होती, चूक आमची आहे, बयाना परत पाठवतो. ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बयाना राहू द्या. मला पंधरा दिवसांनी पहाटे गाडी दाखवा, पूर्ण थंड. मग ठरवू." आता वहिनींना सांगणे भाग होते. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "मला आधी सांगायला हवे होते." त्यांचे म्हणणे बरोबर होते.

चोक म्हणजे नेमके काय?

आता थोडे तंत्राकडे वळू. पेट्रोल पातळ असले तरी इंजिनात ते पातळ अवस्थेत जळत नाही, त्याची वाफ होऊन हवेत मिसळावी लागते. सुमारे पावणेपंधरा किलो हवेला एक किलो पेट्रोल हे जळणाचे प्रमाण मानतात. इंजिन थंड असले की पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरेचसे थेंब नळीच्या थंड भिंतींवरच चिकटतात. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी द्यावी लागते. त्यासाठी कार्बोरेटरच्या तोंडावर एक पातळ पत्रा असतो. तो मिटला की हवेची वाट अडते, खालून ओढ वाढते आणि जास्त पेट्रोल खेचले जाते. हाच चोक.

आपल्याकडच्या लोकांना हाताने ओढायचा चोक परिचयाचा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांत डॅशबोर्डजवळ चोकची घुंडी असे. पहाटे ती ओढायची, गाडी गरम झाली की आत ढकलायची. पुष्कळदा लोक ढकलायला विसरत आणि मग पेट्रोल जास्त का लागते म्हणून मिस्त्रीशी भांडत. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून हे काम आपोआप करणारे चोक येऊ लागले आणि पुढे मोठ्या गाड्यांत ते सर्रास झाले.

त्याचे काम असे चालते. कार्बोरेटरच्या बाजूला काळ्या बेकलाइटचे गोल झाकण असते. त्याच्या आत घड्याळाच्या कमानीसारखी एक गुंडाळी असते. ती दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली असते. उष्णतेने एक धातू जास्त फुगतो आणि दुसरा कमी, त्यामुळे गुंडाळी पिळते किंवा सैल होते. थंडीत ती चोकचा पत्रा मिटवते, उष्णतेत सोडते. उष्णता येते ती एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डमधून जाणाऱ्या बारीक नळीतून. इंजिनाच्या ओढीने त्या नळीतली गरम स्वच्छ हवा झाकणाच्या आत खेचली जाते.

याला आणखी तीन मदतनीस असतात. पहिला, व्हॅक्यूमचा छोटा पिस्टन. इंजिन पेट घेताच तो पत्रा थोडासा उघडतो, नाहीतर पेट्रोलचा पूर येऊन इंजिन घुसमटेल. दुसरा, पायऱ्या पायऱ्यांचा एक लहान कॅम, जो थंड इंजिनाचा वेग थोडा वाढवून ठेवतो. तिसरा, पूर आलाच तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पत्रा जबरदस्तीने उघडण्याची सोय. या सर्वांतला एकही अडकला तरी लोक दोष चोकच्या माथी मारतात आणि झाकण फिरवत बसतात.

चाचांचे निदान

आम्ही जुन्या नाशकात चौकशी केली. भद्रकालीकडे एक चाचा आहेत, उमर सत्तरीच्या पुढे. तरुणपणी मुंबईत अमेरिकन गाड्यांवर शागिर्दी केली होती. हात थरथरतो म्हणून त्यांनी काम सोडले होते. आम्ही हकीगत सांगितली. म्हणाले, "मियाँ, झाकण कुणी फिरवले असेल तर आधी ते विसरा. मी पाहतो." नातवाला सोबत घेऊन आले.

एअर फिल्टर काढताच चाचा हसले. चोकचा पत्रा तांब्याच्या तारेने उघडा बांधून टाकला होता. कुणीतरी वर्षांपूर्वी केलेला हा उद्योग. चाचांनी विचारले, "याला आजारपण नव्हते, असे का बांधले असेल?" मग स्वतःच उत्तर शोधले. तीन स्क्रू काढून बेकलाइटचे झाकण उघडले. आत काजळी भरलेली होती. चाचा नातवाला म्हणाले, "हे बघ. इथे स्वच्छ हवा यायला हवी. काजळी आहे याचा अर्थ धूर येतोय. धूर येतोय याचा अर्थ मॅनिफोल्डमधली नळी आतून सडली."

कार्यकारणाची साखळी आमच्यासमोर उलगडली. नळी गंजून सडली, म्हणून एक्झॉस्टचा धूर आत शिरला. धुराची काजळी साचून नळी चोंदली आणि छोटा पिस्टन अडकला. उष्णता पोहोचेना, म्हणून इंजिन तापले तरी चोक अर्धवट मिटलेला राही. गाडी काळा धूर सोडू लागली, प्लग काळे पडू लागले. मिस्त्रीने मूळ कारण न शोधता पत्रा तारेने उघडा बांधला. धूर थांबला, पण आता थंडीत चोक मिळेना, म्हणून गाडी सुरू होईना. एक ऐब झाकायला दुसरा ऐब, आणि तो झाकायला आमचे गरम इंजिन. कार्बोरेटर बदलून यातले काहीच बरे झाले नसते. चाळीस हजारांचा नवा कार्बोरेटरही महिनाभरात त्याच काजळीने भरला असता.

चाचांनी अंबडच्या एका लेथवर मापाची लोखंडी नळी करून घेतली, मॅनिफोल्डमध्ये ठोकून बसवली. वरची नळी नवी वाकवली. चोकची दांडी, पिस्टन, त्याचे घर हे सर्व पेट्रोलने आणि मऊ ब्रशने धुतले. दांडीला तेलाचा एक थेंबही लावू दिला नाही. म्हणाले, तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो आणि पत्रा पुन्हा अडकतो.

बसवण्याची रीत

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा जे हे काम शिकू इच्छितात, त्यांच्यासाठी चाचांची रीत क्रमाने देतो.

१. चोकला हात लावण्यापूर्वी बॅटरी, प्लग, पॉइंट, पेट्रोल पंप आणि एअर फिल्टर तपासा. अर्ध्याहून अधिक वेळा दुखणे तिथेच असते.

२. इंजिन रात्रभर थंड झालेले हवे. एअर फिल्टर काढा आणि ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडा. त्याशिवाय कॅम मोकळा होत नाही आणि पत्रा मिटत नाही. पुष्कळ लोक ही एक गोष्ट न केल्यामुळे गाडीला दोष देतात. आता पत्रा अलगद मिटला पाहिजे. बोटाने उघडून सोडला तर न अडखळता परत यावा.

३. झाकण सैल करण्यापूर्वी त्याच्या मूळ जागेची खूण सुईने करून ठेवा. झाकणावर एक रेघ असते आणि घरावर खाचा. कारखान्याची जागा त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेली असते. तिथून सुरुवात करा.

४. इंजिन सुरू होताच पत्रा काही मिलिमीटर उघडला पाहिजे. हे अंतर ड्रिलच्या गुळगुळीत दांड्याने मोजतात. किती हवे ते पुस्तकात असते. उघडला नाही तर पिस्टन अडकला आहे किंवा व्हॅक्यूमची वाट बंद आहे. झाकण फिरवून हे सुधारत नाही.

५. इंजिन तापेल तसा पत्रा हळूहळू उघडत जाऊन शेवटी उभा राहावा. पूर्ण तापलेल्या इंजिनातही तो तिरपा राहिला तर उष्णतेची नळी तपासा.

६. सुरू होताना काळा धूर आणि जडपणा असेल तर चोक जास्त आहे, झाकण 'लीन' खुणेकडे फिरवा. सुरू होऊन खोकत असेल, विझत असेल तर चोक कमी आहे, 'रिच'कडे फिरवा. एका वेळी एकच खाच.

७. एक खाच फिरवली की त्या दिवशी काम संपले. परीक्षा पुढच्या दिवशी पहाटे, थंड इंजिनावर. गरम इंजिनावर चोकची परीक्षा होत नाही.

८. थंड इंजिनाचा वाढीव वेग वेगळ्या स्क्रूने ठरतो. तो इंजिन गरम करून, स्क्रू कॅमच्या सांगितलेल्या पायरीवर ठेवून लावतात.

एक सावधगिरीची सूचना. उघड्या कार्बोरेटरजवळ विडी-सिगारेट नको, इंजिन चालू असताना तोंड वर आणू नये, आणि बंद गॅरेजात दार मिटून इंजिन चालवू नये. त्या धुरात माणूस मारणारा वायू असतो.

काही लोक उष्णतेच्या नळीची कटकट नको म्हणून विजेवर तापणारे झाकण बसवतात. ते चालते. पण त्याची तार इग्निशन स्विचमधून घ्यावी, इग्निशन कॉइलवरून नव्हे, नाहीतर ठिणगी कमजोर होते. आणि मूळ स्वरूपाला किंमत देणारा खरीदार असेल तर हा बदल त्याला आधी सांगावा.

तीन पहाटा

पहिल्या पहाटे आम्ही फज्र पढून गंगापूर रोडला पोहोचलो. डिसेंबरची थंडी. नाशिकला या दिवसांत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याखालीही. चाचांनी ॲक्सिलरेटर एकदा दाबला, सोडला, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. वहिनी दारात उभ्या होत्या. पण मागे काळा धूर होता आणि तो बराच वेळ राहिला. आम्हाला वाटले, झाले काम. चाचा म्हणाले, "अजून नाही. ही थंडी अमेरिकेची नाही, नाशिकची आहे. हिला एवढा चोक नको." एक खाच लीनकडे. बस, घरी.

आम्ही म्हटले, चाचा, अजून एक खाच आत्ताच फिरवून बघू, वेळ वाचेल. त्यांनी पान्हा पिशवीत टाकला. "मियाँ, इंजिन गरम झाले. आता ते खरे बोलणार नाही."

दुसऱ्या पहाटे धूर गेला. पण इंजिन मिनिटभराने मंदावले आणि विझले. आम्ही म्हटले, आता खाच परत फिरवा. चाचांनी मान हलवली. पत्रा योग्य जागी होता, दोष वाढीव वेगाच्या स्क्रूचा होता. इंजिन पूर्ण तापू दिले, मग स्क्रू लावला. तिसऱ्या पहाटे गाडी सुरू झाली, धूर नाही, विझणे नाही. काही मिनिटांत पत्रा उभा राहिला आणि इंजिनाचा आवाज शांत झाला.

चाचांनी पंधराशे रुपये मेहनताना मागितला, लेथ आणि नळीचा खर्च वेगळा. वहिनी जास्त देऊ लागल्या. त्यांनी घेतले नाही. म्हणाले, "ठरले तेवढेच. जास्त दिलेत तर पुढच्या वेळी मी जास्त सांगेन."

पंधराव्या दिवशी मुंबईचे गृहस्थ पहाटे साडेसहाला आले. सर्वात आधी त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होते. स्वतः बसले, ॲक्सिलरेटर दाबून सोडला, चावी फिरवली. दुसऱ्या फेऱ्यात इंजिनाने पेट घेतला. ते काही वेळ तसेच बसून राहिले. आम्ही त्यांना तारेची, काजळीची, नव्या नळीची सर्व हकीगत सांगितली, आणि ती नळी मूळ कारखान्याची नाही हेही सांगितले. ठरलेल्या किमतीतून त्यांनी एक रुपया कमी केला नाही. जाताना म्हणाले, "आता मला दुसरे काय विचारायचे ते कळेना."

आज लक्षात ठेवण्यासारखे

या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. पहिली, पेट्रोल बदलले आहे. २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते आणि त्याची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते. म्हणून जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते, थंडीत सुरू होणे अवघड जाते, आणि चोक थोडा वाढवावा लागू शकतो. जुने रबर, डायफ्रॅम त्याने खराब होतात, तिथे इथेनॉलला टिकणारे भाग घालावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे, कारण हे मिश्रण हवेतला ओलावा शोषते.

दुसरी, कायदा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, पुढे नूतनीकरणाची पाच हजार, मुदत दहा वर्षे. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊ या विचाराने कुणी घेत असेल तर आधी हा नियम वाचावा.

तिसरी, हुनर. मुंबईला मोटारीच्या कामाचा वारसा मोठा आहे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जोडणीचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. त्यानंतर प्रीमियरच्या गाड्यांवर मिस्त्रींच्या दोन पिढ्या शिकल्या. त्यांत आपले बांधव फार मोठ्या संख्येने होते. मग २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, मोटारींत इंजेक्शन आले. २०२० च्या बीएस-६ नंतर दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निघाली. धंदा गेला म्हणून उस्तादांनी मुलांना शिकवले नाही. परंतु ज्या गाड्या उरल्या त्यांच्या मालकांना आज मिस्त्री मिळत नाही आणि ते चांगला मेहनताना द्यायला तयार आहेत. कॉम्प्युटर लावून दोष दाखवणारे यंत्र या गाड्यांना लागत नाही, इथे डोळा आणि सब्र लागतो.

चाचांचा नातू आयटीआयला आहे. त्या तीन पहाटा तो मोबाईलवर प्रत्येक खाचेचा फोटो काढत होता आणि वहीत लिहीत होता. आता मुंबईच्या त्या खरीदाराने त्याला आपल्या आणखी दोन गाड्यांसाठी बोलावले आहे. आजोबा सोबत जातात, खुर्चीवर बसून सांगतात, हात नातवाचे चालतात. आमच्या समाजातल्या ज्या घरांत असे उस्ताद अजून हयात आहेत, त्यांनी त्यांची विद्या कबरीत जाण्यापूर्वी वहीत उतरवून घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आणि व्यापारी बांधवांना एवढेच. माल मोटार असो की मलमल, गिऱ्हाइकाला तो थंड असताना दाखवा. आम्ही एकदा गरम करून दाखवला, आणि त्या रात्रीची झोप आम्हाला बयान्याच्या रकमेत परत मिळाली नसती. अल्लाह आम्हा सर्वांना स्वच्छ सौद्याची तौफीक देवो आणि हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.